आप्त कोण? डू बॉइस यांच्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’विषयी



आज एका पुस्तकाविषयी बोलायचं आहे. पुस्तक जाडजूड आहे, सातशेहून जास्त पानांचं. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचं ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’. ते १९३५ साली प्रसिद्ध झालं. नावाचा उच्चार आधीच सांगून टाकतो. फ्रेंच वळणानं ‘दु ब्वा’ म्हणायचा मोह होतो, पण ते स्वतः ‘डू बॉइस’ म्हणत आणि इतरांनीही तसंच म्हणावं असा त्यांचा आग्रह असे. माणसाचं नाव त्याच्या म्हणण्याप्रमाणे घ्यावं, एवढं तरी आपल्याला जमायला हरकत नाही.

आफ्रिकी आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचा इतिहास व संस्कृती हा आज अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत रीतसर अभ्यासविषय आहे. विभाग आहेत, पदव्या आहेत, नियतकालिकं आहेत. त्यावर एक आक्षेप पहिल्यापासून घेतला जातो : हा अभ्यास आहे की चळवळ? ज्ञान आहे की कैवार? आमचा विषय तत्त्वज्ञान, इतिहास नव्हे. त्यामुळे या आक्षेपाकडे आम्ही ज्ञानशास्त्राच्या बाजूनं पाहणार. आणि तो हवेत तपासण्यापेक्षा ज्या पुस्तकावर तो सगळ्यात जोरानं घेतला गेला, त्या पुस्तकावरच तपासून पाहू.

आधी थोडा इतिहास

१८६० च्या खानेसुमारीत अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, चौदाव्या दुरुस्तीनं १८६८ मध्ये नागरिकत्व दिलं आणि पंधराव्या दुरुस्तीनं १८७० मध्ये मताधिकारातला वंशभेद बेकायदा ठरवला. युद्धानंतरच्या या साधारण बारा वर्षांना, म्हणजे १८७७ पर्यंतच्या काळाला, ‘रिकन्स्ट्रक्शन’ म्हणजे पुनर्रचना म्हणतात.

या बारा वर्षांत काय घडलं ते जरा डोळ्यांसमोर आणा. काल ज्याला विकता येत होतं तो माणूस आज मत देतो आहे. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे मिसिसिपी राज्यातून सिनेटवर गेले, तिथले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचं बहुमत झालं. त्या राज्याच्या १८६८ च्या घटनेनं सर्वांसाठी मोफत सार्वजनिक शाळांची तरतूद केली. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांच्या पोरांनासुद्धा अशी व्यवस्था त्याआधी धडपणे मिळालेली नव्हती. पुढं १८७७ मध्ये उत्तरेनं तिथल्या सरकारांच्या पाठीशी उभं केलेलं सैन्य काढून घेतलं आणि गाडा उलटा फिरला. १८९० मध्ये मिसिसिपीनं नवी घटना केली. त्यात मतदानासाठी कर आणि वाचनाची परीक्षा अशा अटी घातल्या, कृष्णवर्णीय मतदार यादीतून बाहेर पडावा म्हणून. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. ही कोंडी खऱ्या अर्थानं फुटायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.

आता प्रश्न असा की या बारा वर्षांचा इतिहास लिहिला कोणी? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि जॉन बर्जेस हे दोन मान्यवर प्राध्यापक होते. डनिंग यांच्या विद्यार्थ्यांनी एकेक राज्य घेऊन प्रबंध लिहिले. कष्टानं लिहिले, कागदपत्रं धुंडाळून लिहिले. निष्कर्ष साधारण एकच : अडाणी कृष्णवर्णीयांच्या हाती मत दिलं ही घोडचूक होती, त्यातून भ्रष्टाचार आणि अंदाधुंदी माजली, आणि गोऱ्यांनी सत्ता परत घेतली तेव्हा कुठं सुव्यवस्था आली. हाच इतिहास शाळेच्या पुस्तकांत उतरला. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा मूकपट आला, त्यानं तो पडद्यावर नेला. तो चित्रपट व्हाइट हाऊसमध्येही दाखवला गेला.

इथं एक नोंद आपल्यासाठी. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते, आणि डनिंग त्याच विद्यापीठात तेव्हा शिकवत होते. पुढं बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना जी भूमिका घेतली ती डनिंग यांच्या वळणाची मुळीच नव्हती. १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज गेला होता त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका आहे असं समजू नका.

गृहीतक आणि पुरावा

डू बॉइस यांचा जन्म १८६८ चा, म्हणजे पुनर्रचनेच्या ऐन मध्यातला. हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय, साल १८९५. मधली दोन वर्षं बर्लिनला शिकले. पुनर्रचनेचे फायदे काय झाले यावर त्यांनी डिसेंबर १९०९ मध्ये अमेरिकन इतिहासकारांच्या परिषदेत निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो त्यांच्या नियतकालिकात छापून आला. ‘नीग्रो’ या शब्दाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत छापावं, अशी त्यांनी विनंती केली होती. संपादकांनी ती मानली नाही. आपल्या देवनागरीत लहानमोठं अक्षर नाही, त्यामुळे हा अपमान मराठीत नीट दाखवताही येत नाही. तो निबंध छापला गेला आणि विसरला गेला. पंचवीस वर्षांनी हे पुस्तक आलं. त्या नियतकालिकानं त्या वेळी पुस्तकाचं परीक्षणसुद्धा छापलं नाही.

पुस्तकाच्या सुरुवातीला वाचकांसाठी एक छोटं निवेदन आहे. त्याचा आशय असा : कृष्णवर्णीय माणूस हा इतरांसारखाच सर्वसाधारण माणूस आहे असं धरून मी ही कथा सांगणार आहे. ज्यांना हे मुळातच मान्य नाही त्यांना पटवण्यासाठी मी लिहीत नाही, आणि त्यामुळे माझे वाचक कमी होतील हेही मला ठाऊक आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, सापडला! हा माणूस गृहीतक धरून लिहितोय, मग कसली वस्तुनिष्ठता?

इथं जरा थांबू या. गृहीतक डनिंग यांच्या शिष्यांचंही होतंच. कृष्णवर्णीय राज्य करायला जन्मतः अपात्र, हे ते गृहीतक. बर्जेस यांनी तर ते उघड मांडलं होतं. मग या गृहीतकाचा पुराव्यावर काय परिणाम झाला ते पाहा. मळेमालकांची पत्रं पुरावा ठरली. गोऱ्या वृत्तपत्रांचे अग्रलेख पुरावा ठरले. पण मुक्त झालेल्या गुलामाचा जबाब? तो अडाणी आहे, त्याला कोणी पढवलं असेल, सोडून द्या. आणि कृष्णवर्णीय अपात्र होते हे कशावरून? तर सगळी साक्ष तसंच सांगते यावरून. सगळी साक्ष म्हणजे कोणाची? जे अपात्र नाहीत त्यांची.

आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. ‘अ’ सिद्ध करायला ‘ब’ हवा आणि ‘ब’ सिद्ध करायला ‘अ’ हवा. दोघं एकमेकांच्या खांद्यावर बसलेत आणि जमिनीवर पाय कोणाचाच नाही.

न्यायदर्शनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो, कारण डू बॉइस यांचं पुस्तक समजायला ते फार उपयोगी आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनानं न्यायसूत्रांवरच्या भाष्यात पुढं स्पष्ट केलंय की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू पडतं. म्हणजे साक्षीदाराची योग्यता त्याच्या कुळावरून ठरत नाही. त्याला माहीत होतं का आणि तो खरं सांगतोय का, एवढंच पाहायचं. ही व्याख्या करणाऱ्या समाजानं ती किती पाळली, हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला प्रश्न आहे. पण व्याख्या चोख आहे.

आता डू बॉइस यांचं गृहीतक या व्याख्येशी ताडून पाहा. कृष्णवर्णीय नेहमी खरं बोलतात असं त्यांनी म्हटलेलं नाही, ते श्रेष्ठ आहेत असंही म्हटलेलं नाही. ते सर्वसाधारण आहेत, एवढंच. म्हणजे इतरांप्रमाणे कधी खरं बोलतील, कधी चुकतील, कधी स्वार्थ पाहतील, तेव्हा त्यांची साक्ष इतरांसारखीच तपासून घ्या. या गृहीतकामुळे निष्कर्ष आधीच ठरत नाही, चौकशीचं दार तेवढं उघडतं. डनिंग यांच्या गृहीतकानं ते बंद केलं होतं. गृहीतकं दोन्हीकडे आहेत म्हणून दोन्ही सारखी, असं म्हणता येणार नाही. जे गृहीतक स्वतःविरुद्धचा पुरावा दारातच अडवतं ते वाईट, आणि जे त्याला आत येऊ देतं ते चांगलं. आमच्या मते या पुस्तकाचं खरं योगदान इथं आहे.

सार्वत्रिक संप?

पण पुस्तकाची आरती ओवाळायला आपण जमलेलो नाही. आता अडचणींकडे येऊ.

पुस्तकातला सगळ्यात गाजलेला मुद्दा म्हणजे ‘सार्वत्रिक संप’. लिंकननं जाहीरनामा काढला आणि गुलाम मुक्त झाले, हे आपण शाळेत शिकलो. डू बॉइस म्हणतात, थांबा, क्रम बघा. जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. त्याआधी दीड वर्षापासून गुलाम मळे सोडून उत्तरेच्या सैन्याकडे निघाले होते.

सुरुवातीची एक घटना पाहा. मे १८६१, व्हर्जिनियातला मन्रो किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडी वल्हवत किल्ल्यावर आले. त्यांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफखान्याच्या बांधकामाला जुंपलं होतं. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीनं एक अधिकारी आला : पळालेला गुलाम परत करायचा असा देशाचा कायदा आहे, आमची माणसं परत द्या. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा पेशानं वकील. तो म्हणाला, तुमचं राज्य देशातून फुटलं असं तुम्हीच सांगता ना? मग परक्या देशाला आमचा कायदा कसा लागू? आणि तुम्ही यांना मालमत्ता म्हणता आणि युद्धाच्या कामाला लावता, तेव्हा शत्रूची युद्धसामग्री म्हणून आम्ही ती जप्त करतो.

बटलरची युक्ती सगळ्या पुस्तकांत असते. पण होडी कोणी वल्हवली? ते तिघं आलेच नसते तर बटलरला युक्ती लढवायची वेळच आली नसती. त्यांच्या मागून शेकडो आले, मग हजारो. एका बाजूची शेती ओस पडू लागली आणि दुसऱ्या बाजूला खंदक खणणारे, गाड्या हाकणारे आणि पुढं बंदूक घेणारे हात मिळाले. उत्तरेच्या भूसेनेत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले. डू बॉइस यांचा हिशेब असा की जवळपास पाच लाख कामकऱ्यांनी अशी जागा बदलली आणि युद्धाचा निकाल फिरवला. म्हणून हा संप.

कल्पना जबरदस्त आहे. ‘स्वातंत्र्य दिलं’ या वाक्यातला कर्ताच ती बदलून टाकते. इथं आम्हाला महात्मा फुल्यांची आठवण येते. ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. म्हणजे तिकडे पुनर्रचना चालू होती, ती उलथायला अजून चार वर्षं होती, तेव्हा पुण्यात हे पुस्तक निघालं आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण झालं. इतक्या दुरून, त्याच दशकात, त्या घटनेचं मोल ओळखणारा माणूस आपल्याकडे होता, ही केवढी गोष्ट! पण अर्पणपत्रिकेत मुक्ती देणारे दिसतात, मुक्ती घेणारे नाहीत. १८७३ मध्ये जगभर पोचलेली बातमी तीच होती. डू बॉइस यांचं पुस्तक त्या अर्पणपत्रिकेत दुसरं नाव भरायला सांगतं : बेकर, मॅलरी, टाउनसेंड.

तरीही आमचा प्रश्न उरतोच. याला संप म्हणावं का? संपाला हेतू लागतो, मागणी लागते, निदान आपण एकत्र काही करतो आहोत अशी जाणीव लागते. मळा सोडणारा एक जण विकल्या गेलेल्या बायकोला शोधायला निघाला असेल, दुसरा चाबकाला कंटाळून, तिसरा भुकेनं, चौथा सैन्य जवळ आलंय म्हणून. या सगळ्यांचा एकत्रित परिणाम संपासारखा झाला हे खरं. पण परिणामावरून हेतू सिद्ध होत नाही. डू बॉइस काही ठिकाणी परिणामापासून हेतूकडे अलगद घसरतात. मार्क्सचा चष्मा त्या काळात त्यांनी नुकताच लावला होता आणि नव्या चष्म्यानं सगळंच जरा ठळक दिसतं. साउथ कॅरोलायनाच्या प्रकरणाला त्यांनी आधी कृष्णवर्णीय कामकरी वर्गाची हुकूमशाही अशा अर्थाचं नाव दिलं होतं. लोकांनी हरकत घेतल्यावर ते बदललं.

दुसरी अडचण मोठी आहे. संप म्हटला की डोळ्यांसमोर कामकरी पुरुष येतो. बायका कुठं आहेत? मुलं कुठं आहेत? थावोलिया ग्लिम्फ या इतिहासकार बाईंनी हा आक्षेप नेमका मांडला आहे. पुरुष सैन्यात गेला की त्याला गणवेश मिळाला, इतिहासात नोंद मिळाली. त्याच वाटेनं आलेली बाई मात्र छावणीवरचं ओझं ठरली.

एक जबाब सांगतो. केंटकी राज्यातली कॅम्प नेल्सन ही छावणी, नोव्हेंबर १८६४. जोसेफ मिलर हा कृष्णवर्णीय सैनिक बायकामुलांना घेऊन तिथं भरती झाला होता. कडाक्याची थंडी पडलेली असताना सैनिकांच्या कुटुंबांना छावणीबाहेर काढण्याचा हुकूम निघाला. मिलरचा एक मुलगा आजारी होता, सात वर्षांच्या आसपासचा. बाहेर नेलं तर हा मरेल, असं त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं. उपयोग झाला नाही. रात्री तो कुटुंबाला शोधत मैलोगणती चालत गेला. ती माणसं एका प्रार्थनाघरात सापडली, थंडीनं काकडलेली, आणि पोरगा गेलेला होता. त्याला रात्रीच छावणीत परतावं लागलं. सकाळी तो पुन्हा चालत गेला, स्वतः खड्डा खणला, मुलाला पुरलं आणि परत कामावर हजर झाला. हे त्यानं शपथेवर सांगितलं आणि ते दफ्तरात राहिलं. अशा जबाबांचा गवगवा झाला, आणि मार्च १८६५ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा अमेरिकन संसदेनं केला.

या जबाबात आप्ताची दोन्ही लक्षणं आहेत. त्यानं पाहिलं, आणि पाहिलं तसं सांगितलं. ‘संप’ या शब्दात मात्र मिलरची बायको आणि ते पोर मावत नाहीत. ते मावत नसतील तर शब्द सैल करायला हवा. डू बॉइस यांच्याच गृहीतकाची ती मागणी आहे.

गोऱ्या कामकऱ्याची मजुरी

या भागात आम्ही फार रेंगाळणार नाही, पण तो वगळताही येत नाही. डू बॉइस विचारतात, दक्षिणेतला गरीब गोरा मजूर कृष्णवर्णीय मजुराबरोबर का उभा राहिला नाही? दोघांचंही हित एकच होतं. मार्क्सच्या हिशेबानं ते एकत्र यायला हवे होते. त्यांचं उत्तर असं : गोऱ्या मजुराला पगार कमी मिळे, पण त्याची भरपाई एका वेगळ्या मजुरीनं होई. ती मनाची आणि चारचौघांतल्या मानाची मजुरी. तो गोरा म्हणून त्याला आदरानं बोलवलं जाई, बागेत प्रवेश मिळे, पोलीस त्याच्यातलेच, कोर्ट त्याच्याशी नरमाईनं वागे. खिसा रिकामा, पण कोणीतरी आपल्या खाली आहे याचं समाधान.

याच्या पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ आलं. जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यातला मुद्दा. दोघांनी एकमेकांचं वाचून लिहिलं असं म्हणायचं कारण नाही. पण पोटापाण्याच्या हिशेबात न बसणारी एकच गोष्ट दोघांना दोन खंडांत दिसली, हे लक्षात घ्या. डू बॉइस मार्क्सचा चष्मा लावतात असं मघाशी म्हटलं. इथं मात्र तो चष्मा काढून ते पाहतात, आणि आमच्या मते पुस्तकातलं सगळ्यात टिकाऊ निरीक्षण त्यांच्या हाती लागतं ते इथंच.

इतिहास नावाचा प्रचार

शेवटचं प्रकरण इतिहासलेखनावर आहे. त्याचा मथळाच ‘इतिहासाचा प्रचार’ अशा अर्थाचा आहे. शाळकरी पुस्तकांपासून विद्यापीठातल्या प्रबंधांपर्यंत सगळ्यांची त्यांनी झडती घेतली आहे. इतिहास हे शास्त्र असेल तर काय घडलं ते सांगा, राष्ट्राचा अहंकार गोंजारायचा असेल तर त्याला शास्त्र म्हणू नका, असा सूर आहे. तो आम्हाला मान्य आहे.

पण पुस्तकाच्या शेवटी जी ग्रंथसूची आहे ती पाहून आम्ही जरा बिचकतो. लेखकांची वर्गवारी त्यांच्या वृत्तीवरून केलेली आहे. हे कृष्णवर्णीयांच्या विरोधातले, हे प्रचारक, हे न्यायी किंवा तटस्थ, हे सहानुभूती असलेले. हे धोक्याचं आहे. साक्षीदाराची किंमत त्याच्या सहानुभूतीवरून ठरवली तर मघाचाच अन्योन्याश्रय मागच्या दारानं घरात येतो. सहानुभूती असलेला माणूस चुकीचं सांगू शकतो आणि द्वेष करणाऱ्याच्या हातून खरं लिहून जाऊ शकतं.

त्यांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं की सूचीत त्यांनी तशी वर्गवारी केली, तरी मजकुरात ते विरोधकांच्या प्रबंधांतलीच माहिती मुक्तपणे वापरतात. वापरावीच लागली. मूळ कागदपत्रांपर्यंत पोचायला वेळ आणि पैसा अपुरा पडला, दुय्यम साधनांवर भिस्त ठेवावी लागली, हे त्यांनी लपवलेलं नाही. त्यात आणखी एक गोष्ट होती. दक्षिणेतले दफ्तरखाने कृष्णवर्णीय संशोधकाला सहजी बसू देत नसत. चार वर्षांनंतरची, १९३९ ची गोष्ट. जॉन होप फ्रँकलिन, पुढं नामवंत झालेले इतिहासकार, नॉर्थ कॅरोलायनाच्या दफ्तरखान्यात गेले. त्यांना गोऱ्यांबरोबर बसता येईना, म्हणून एक वेगळी खोली दिली. गोरे नोकर त्यांना कागद आणून देणार नाहीत, म्हणून रुमाल ठेवलेल्या दालनाची किल्लीच त्यांच्या हाती दिली, तुम्हीच जाऊन घ्या. दोन आठवड्यांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली : यांना किल्ली आणि आम्हाला नाही, हा आमच्यावर अन्याय! मग किल्ली काढून घेतली.

हसू येतं, पण विचार करा. डू बॉइस यांनी मूळ कागद पाहिले नाहीत, असं म्हणणाऱ्यानं दाराला कुलूप कोणी लावलं होतं हेही सांगायला नको का?

मग अभ्यास की चळवळ?

मूळ प्रश्नाकडे येतो. डू बॉइस यांच्या आधीही कार्टर वुडसन यांनी १९१५ मध्ये या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली होती, पुढच्या वर्षी नियतकालिक सुरू केलं होतं. त्यांचे आईवडील गुलाम होते. पण विद्यापीठांत या विषयाला स्वतंत्र घर मिळालं ते भांडून. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट इथं विद्यार्थ्यांनी संप केला, तो मार्च १९६९ पर्यंत चालला, आणि त्यातून कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा विभाग उभा राहिला. जन्म संपातून, म्हणून विषय चळवळीचा, असा निष्कर्ष बरेच जण काढतात.

एका श्रोत्यांनी आधीच लिहून पाठवलेला प्रश्न इथं घेतो. ते विचारतात, ‘डनिंग यांनी एक बाजू घेतली, डू बॉइस यांनी दुसरी. मग आम्ही कोणावर विश्वास ठेवायचा?’ प्रश्न प्रामाणिक आहे. आमचं उत्तर असं की विश्वास ठेवू नका, तपासा. आणि तपासण्याची सोय पुढं झाली. मेरीलँड विद्यापीठात १९७६ पासून एका प्रकल्पानं राष्ट्रीय दफ्तरखान्यातले मुक्त गुलामांचे अर्ज, पत्रं, जबाब शोधून छापायला घेतले. १९८२ पासून त्याचे खंड येऊ लागले. मिलरचा जबाब त्यातूनच लोकांसमोर आला. कृष्णवर्णीय लोक पुनर्रचनेत निष्क्रिय किंवा अजाण नव्हते, हे डू बॉइस यांचं म्हणणं त्या कागदांवर टिकलं. डनिंग यांच्या शिष्यांचं टिकलं नाही. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरचा मोठा ग्रंथ आला आणि डू बॉइस यांची दिशा मुख्य प्रवाहात पक्की झाली. फोनर प्राध्यापक कुठले? कोलंबियाचे.

भ्रष्टाचाराचंही असंच. पुनर्रचनेच्या सरकारांत भ्रष्टाचार झाला हे डू बॉइस नाकारत नाहीत. पण त्याच सुमारास न्यूयॉर्क शहरात ट्वीड यांची टोळी तिजोरी लुटत होती आणि ती सगळी गोरी मंडळी होती. त्यावरून गोऱ्यांचा मताधिकार काढून घ्या असं कोणी म्हटलं नाही. एका वंशाची चोरी वंशाच्या नावावर आणि दुसऱ्याची व्यक्तीच्या नावावर लिहायची, हा हिशेबच खोटा. तो पकडायला सहानुभूती लागत नाही, साधं तर्कशास्त्र पुरतं.

तेव्हा हा विषय चळवळीतून जन्मला, हे खरं. पण विषय कुठून जन्मला यावरून त्याचं ज्ञान खरं की खोटं ते ठरत नाही. ते ठरतं पुराव्यानं. चळवळीनं काय केलं? जी साक्ष दाराबाहेर उभी होती तिला आत आणलं. आत आल्यावर तिची उलटतपासणी करायची की नाही, इथं खरी कसोटी आहे. ज्या दिवशी हे विभाग आपल्या साक्षीदारांची उलटतपासणी थांबवतील, ‘आपला आहे म्हणजे खरा’ असं म्हणू लागतील, त्या दिवशी ते डनिंग यांच्या वर्गात जाऊन बसतील, बाक फक्त दुसरा असेल. ग्लिम्फ बाईंनी डू बॉइस यांना जाब विचारला, म्हणजे हा विषय जिवंत आहे.

आणि हे सगळं कशासाठी? चुकीचा इतिहास पुस्तकात पडून राहत नाही. मिसिसिपीत मतदार यादीतून नाव खोडणाऱ्या कारकुनाला डनिंग यांचं नाव ठाऊकही नसेल. पण या लोकांनी एकदा मत वापरून पाहिलं आणि वाटोळं केलं, एवढं त्याला शाळेत शिकवलेलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ आलं १९३५ मध्ये, मताधिकाराचा कायदा झाला १९६५ मध्ये. डू बॉइस तो पाहायला उरले नाहीत. १९६३ च्या ऑगस्टमध्ये घानामध्ये अक्रा इथं त्यांचं निधन झालं. वय ९५. अखेरपर्यंत ते आफ्रिकेच्या ज्ञानकोशाच्या कामात होते.

पुस्तक मोठं आहे, सगळं वाचायला जमेलच असं नाही. सुरुवातीचं निवेदन, सार्वत्रिक संपाचं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण, एवढं तरी वाचा. वाचताना डू बॉइस यांच्याशी भांडा. आणि पुढच्या वेळी ‘अमक्यांनी तमक्यांना हक्क दिले’ असं वाक्य कानावर पडलं की एवढंच विचारा, होडी कोणी वल्हवली?

इथं थांबतो.